रफूवाल्या वहिनींची कातरी

गल्लीला वहिनी पहिल्यांदा दिसल्या त्या पाठमोऱ्या. नवरा जाऊन महिनाही झाला नसेल. एका सकाळी तळमजल्यावरच्या, रस्त्याकडच्या खोलीची खिडकी उघडली आणि चौकटीत एक पाठ दिसू लागली. करडा स्वेटर, वर घट्ट अंबाडा, अंबाड्यात दोऱ्यासकट खोचलेली सुई. खिडकीला पुठ्ठा टांगलेला, 'येथे रफू करून मिळेल.' रफूला उजेड डाव्या खांद्यावरून यावा लागतो, म्हणजे सुईच्या हाताची सावली कापडावर पडत नाही. म्हणून त्या रस्त्याकडे पाठ करून बसत आणि गिऱ्हाईक पाठीशीच बोले.

"वहिनी, झाला का कोट?"

"झाला असता तर तोंड केलं असतं की तुमच्याकडे."

गल्लीला ही पाठ आवडली. कुणाचं काय फाटलं, कुठे फाटलं आणि कसं फाटलं असेल यावर त्यांच्याकडे एकेक शेरा तयार असे, आणि तो ऐकायला लोक न फाटलेले कपडेही घेऊन येत.

त्यांना वहिनी म्हणायचा हक्क खरा एकाच माणसाचा, त्यांच्या धाकट्या दिराचा. पण ते दिवसभर जिन्यात 'वहिनी, वहिनी' करत चढउतार करायचे, तेव्हा सगळ्या इमारतीने तेच नाव उचललं. दीर म्हणजे कंडक्टर. जन्म बसमध्ये उभ्याने काढलेला. निवृत्त झाले तरी जिन्यात मुलं बसलेली दिसली की म्हणत, "चला, पुढे सरका, पुढे सगळी गाडी मोकळी आहे." लग्न केलं नव्हतं. का, असं कुणी विचारलं तर म्हणत, "गाडी फुल." गाडीत कोण होतं ते मात्र कुणाला कधी दिसलं नाही.

रस्त्याकडची ती खोली खरं तर कंडक्टरांची. भाऊ गेला त्याच आठवड्यात त्यांनी आपला पलंग स्वतः डोक्यावर घेतला आणि गच्चीवर, पाण्याच्या टाकीशेजारच्या पत्र्याच्या खोलीत नेऊन टाकला.

"भाऊजी, अहो असं काय करताय? तिथे पत्रा तापतो."

"खाली उजेड आहे, वहिनी. तुमच्या कामाला तो लागतो. मी आयुष्यभर तिकिटं फाडली, त्याला उजेड कशाला? फाडणाऱ्याला अंधारही चालतो, जोडणाऱ्याला चालत नाही."

वहिनींनी हे बोलणं ऐकून घेतलं आणि त्याच दुपारी खोलीत आपलं टेबल लावलं. उपकार मानायला त्या विसरल्या असं नाही. रोज दोन वेळचं जेवण त्यांनी दिराला मनापासून घातलं, आजारपणात पाय चेपून दिले. पण खोली मिळाली ती मिळाली, आणि ती परत जाऊ शकते हा विचार त्या दिवसापासून त्यांच्या मनातून कधी हलला नाही.

गच्चीवर कंडक्टरांनी कबुतरं पाळली. आधी एक जखमी जोडी आली, मग जोडीची प्रजा झाली. फळ्यांचे खण केले, दाण्यासाठी पन्हळ केली. त्यांची एक शीळ होती, दोन लांब आणि एक आखूड, बसच्या घंटीसारखी. ती घातली की आभाळात कुठेही असलेलं पाखरू वळून त्यांच्या हातावर येऊन बसे. दुसऱ्या कुणी तीच शीळ घातली तर एकही फिरकत नसे. इस्त्रीवाल्याने पुष्कळ प्रयत्न करून पाहिला होता.

हा इस्त्रीवाला म्हणजे वहिनींचा शेजारी. त्याचं टेबल वहिनींच्या खिडकीबाहेर, भिंतीला लागून. हात कपड्यावर आणि तोंड वहिनींशी, असा त्याचा दिवस जाई. माणूस नकला छान करायचा. आणि ही सगळी हकीकत सुरू झाली ती त्याच्या एका नकलेमुळे.

पहिल्या मजल्यावरच्या वकीलीणबाईंचा बाटली-हिरव्या रंगाचा लोकरी कोट रफूला आला होता. वकीलसाहेबांच्या सिगारेटने बाहीला भोक पाडलं होतं. चांगल्या रफूला बाहेरचा दोरा चालत नाही. कोटाचं भोक भरायचं तर धागा त्याच कोटाच्या पोटातून काढावा लागतो. खालची दुमड उसवायची, आत लपलेल्या कापडातून एकेक धागा सोडवून घ्यायचा, आधी उभा ताणा भरायचा आणि मग आडवा बाणा त्यातून खालीवर विणत न्यायचा. वकीलीणबाईंच्या शिंप्याने कापड वाचवलं होतं, दुमड बोटभरही नव्हती. वहिनींनी तेवढ्यातून धागे काढले आणि बाहीचं भोक असं भरलं की सिगारेट ओढल्याचं वकीलसाहेबांनी सरळ नाकारावं. शेवटचा धागा कापायला त्यांनी टोकदार कात्री उचलली. तेवढ्यात बाहेरून इस्त्रीवाल्याने वकीलीणबाईंचा आवाज काढला.

"इस्त्री कडक हवी हं! पण कापडाला गरम लागलेलं मला चालणार नाही!"

वहिनी हसायला लागल्या की सगळ्या अंगाने हसत. हात हलला. कात्रीचं टोक कोटाच्या पाठीत, बरोबर मधोमध, आरपार गेलं.

मसुरीएवढं भोक. कॉलरच्या आतून धागा काढून ते भरता आलं असतं, पण त्याला दोन दिवस हवे होते, आणि वकीलीणबाई दुसऱ्या दिवशी सकाळी यायच्या होत्या. रफूवालीने स्वतःच भोक पाडलं ही गोष्ट एकदा गल्लीत गेली की पुन्हा कुणी तिच्या हातात रुमालही देत नाही. त्यांनी भोकाची कड नखाने खरवडली, सुईने दोन-चार धागे विस्कटले. कात्रीचं भोक गुळगुळीत असतं, खाल्लेलं भोक दाढी वाढल्यासारखं दिसतं, हे त्यांच्याइतकं कोण जाणणार?

सकाळी वकीलीणबाई आल्या तेव्हा वहिनींनी पहिल्यांदाच, हाक यायच्या आधी, वळून गिऱ्हाइकाकडे तोंड केलं.

"बाईसाहेब, बरं झालं तुम्हीच आलात. बाही झाली. पण हे पाठीवर काय आहे, बघितलंत का कधी?"

वकीलीणबाईंनी कोट खिडकीत धरला. "हे कुठून आलं? हे नव्हतं!"

"पाठीवरचं कुणाला दिसतंय?"

"कसर म्हणायचंय का तुम्हाला?" वकीलीणबाईंचा आवाज चढला. "माझ्या कपाटात कसर? माझ्या कपाटाला नाव ठेवायला माझ्या सासूलासुद्धा जागा सापडली नाही, बाई. कोपऱ्याकोपऱ्यात डांबराच्या गोळ्या आहेत!"

वहिनींना कळलं की कसर म्हटलं तर ही बाई पुन्हा येणार नाही, आणि काहीच म्हटलं नाही तर दोष आपल्या टेबलावर येणार.

"छे हो, कसर कशी असेल?" त्या म्हणाल्या. "कसर मेली आळशी, कपाटात बसून खाते. ही बाहेरून उडत येते. तुमच्या कपाटाचा काही संबंध नाही."

"ही म्हणजे कोण?"

कात्री टेबलावर पडली होती. "कातरी," वहिनी म्हणाल्या. "तिळाएवढी असते. संध्याकाळी उडते, आवाज नाही, काही नाही. आणि तोंड लावते ते फक्त अस्सल लोकरीला. मिश्र कापडाकडे ढुंकून बघत नाही."

वकीलीणबाई जरा खाली आल्या. "तरीच. आमच्या मजल्यावर अस्सल लोकर आहे ती माझ्याकडेच. पण येते कुठून?"

त्याच वेळी कंडक्टरांची दोन कबुतरं खिडकीच्या पट्टीवर उतरली आणि मान हलवत चालू लागली. वहिनींची नजर तिकडे गेली.

"पिसांत वाढते म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"म्हणतात."

एवढंच झालं. वहिनींना वाटलं, कोट गेला की कातरीही गेली. पण वकीलीणबाई ही गोष्ट पोटात ठेवणाऱ्यांतल्या नव्हत्या. कातरी आपल्या कोटाला लागली याचा त्यांना आता थोडा अभिमानही वाटत होता.

लोकांनी आपापले गरम कपडे उजेडात धरून पाहायला सुरुवात केली. जुन्या लोकरीत भोकं निघायचीच. आधी ती कुणी बघत नव्हतं. आता ज्याच्या कोटात भोक निघालं त्याची लोकर अस्सल ठरू लागली, आणि ज्याच्यात निघालं नाही तो मनातून खट्टू होऊ लागला. वहिनींच्या टेबलावर कपड्यांचा ढीग लागला.

प्रत्येक गिऱ्हाईक येताना कातरीबद्दल काहीतरी घेऊन येई. एका शिंप्याने सांगितलं की ती उभा ताणा सोडून देते आणि आडवा बाणाच तेवढा खाते. कुणाच्या आत्याने लहानपणी ती पाहिली होती, राखेच्या रंगाची, पोटाला पिवळी रेघ. आधी तिला दोन पंख होते, हिवाळा संपेपर्यंत चार झाले. ती अंडी पिसाच्या मुळाशी, पोकळ दांडीत घालते. अळी बाहेर आली की पिसाचा भुसा खाऊन वाढते. मग पंख फुटतात, आणि जन्मात एकदाच, दिवेलागणीला, ती सरळ वर उडते. मादीला अंड्यांभोवती गुंडाळायला लोकरीचा एक धागा लागतो, तेवढ्यासाठीच ती माणसांच्या कपड्यांवर येते. नराला तोंडच नसतं. हे शेवटचं इस्त्रीवाल्याने घातलं. "सगळ्याच जातीत असं असतं," तो म्हणाला आणि बायका हसल्या.

"पण मग एकही सापडत कशी नाही?" एका कॉलेजातल्या मुलीने विचारलं. "मेलेली तरी दिसायला हवी."

सगळ्यांनी वहिनींच्या पाठीकडे पाहिलं. वहिनींनी सुईत दोरा ओवला, गाठ मारली.

"मेली की तिची राख होते," त्या म्हणाल्या. "बोट लावलं की संपलं. घरात धूळ का येते म्हणता रोज?"

खरं सांगायचं तर वहिनींना कातरी आवडू लागली होती. ताणा भरताना त्या मनात तिचे पाय मोजत, तिला शिशिरात झोपवत आणि उन्हाळ्यात उठवत. कुणी चुकीचं काही सांगितलं तर त्यांना राग येई. "छे, चावत नाही ती. उगीच बदनाम करू नका," असं त्या एकदा रागाने म्हणाल्याही होत्या.

पिसांची गोष्ट मात्र लोक विसरले नाहीत. गच्चीवर कपडे वाळत घालणं बंद झालं. मुलांना जिन्यात कंडक्टरांच्या वाटेतून बाजूला ओढलं जाऊ लागलं. आणि एक दिवस वकीलीणबाईंनी निरोप पाठवला. रविवारी सकाळी इमारतीच्या चौकात सगळ्यांनी जमायचं, कबुतरांचा निकाल लावायचा.

शनिवारी दुपारी कंडक्टर खाली आले. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं बोचकं होतं.

"वहिनी, मला एक सांगा. तुम्ही कपड्यातल्या. पिसांत खरंच असं काही होतं का?"

हा प्रश्न वहिनींना कुणी इतक्या साधेपणाने विचारला नव्हता. उत्तरही तितकंच साधं होतं.

"मला काय ठाऊक, भाऊजी?" त्या म्हणाल्या. "लोक म्हणतात."

"लोक काय, गाडी सुटली तरी थांबा म्हणतात." कंडक्टर हसले. त्यांनी बोचकं सोडलं. आत त्यांचा नोकरीतला खाकी लोकरी कोट होता. "हा बघा. इतकी वर्षं हा कुठे टांगलाय? खणांच्या वर, खिळ्याला. पाखरं याच्यावर बसतात, रात्र काढतात. कातरी पिसांत राहते ना? मग तिने घरचा कोट सोडून पहिल्या मजल्यावर कशाला जावं? एक भोक दाखवा. इस्त्रीवाल्याकडून कडक करून आणलाय. उद्या सभेत सगळ्यांसमोर उजेडात धरतो. म्हणजे बोलायची गरजच नाही."

"हो, खरंच की," वहिनी म्हणाल्या.

"एक बटण तेवढं तुटलंय. लावून ठेवता? सकाळी नेतो. उद्या निकाल माझ्या बाजूने लागला की तुम्हाला नवीन भिंग आणून देतो."

ते शीळ घालत जिना चढले. वहिनींनी कोट उचलून उजेडात धरला. खरोखर एक भोक नव्हतं. लोकर जाड होती, विणकर भला माणूस असला पाहिजे.

त्यांनी तो टेबलावर पसरला. कोट कोरा निघाला की पिसांची गोष्ट खोटी ठरणार. पिसांची गोष्ट खोटी ठरली की वकीलीणबाई घरी जाऊन आपला हिरवा कोट पुन्हा काढणार. बाई भांडकुदळ असली तरी बुद्धीने मंद नव्हती. मग माझ्या कोटाला भोक पाडलं कुणी, हा तिचा पुढचा प्रश्न असणार. आणि मग ढीग जाणार, पुठ्ठा जाणार, खिडकी जाणार. दीर कबुतरं गेली तर रडतील, पण आणखी पाळतील. खोली एकदा गेली तर वहिनींना दुसरी मिळणार नव्हती. असा हिशेब त्यांनी मांडला, आणि त्यात त्यांना चूक दिसली नाही.

जागा त्यांनी नीट निवडली. छातीवर, डाव्या बाजूला, खिशाच्या वर, जिथे उजेडात धरल्यावर सगळ्यांना दिसेल. टोक आत घातलं, अर्धा वळसा दिला. मग कड खरवडली, ताणा तसाच ठेवून बाण्याचे धागे तेवढे तोडले, कारण कातरी ताणा खात नाही. काम सुरेख झालं. त्यानंतर त्यांनी बटण दुहेरी दोऱ्याने पक्कं लावलं आणि कोट घडी करून वर्तमानपत्रात गुंडाळला.

रविवारी चौकात सगळी इमारत जमली. वकीलीणबाईंनी खुर्ची आणवली होती. त्यांनी कातरीचा सगळा जीवनक्रम न अडखळता सांगितला, अंड्यापासून राखेपर्यंत. मग म्हणाल्या, "बोला कंडक्टर, तुमचं काय म्हणणं आहे?"

कंडक्टर पुढे आले. दाढी केली होती, केस पाण्याने बसवले होते.

"बाईसाहेब, माझं म्हणणं काही नाही. म्हणणं या कोटाचं आहे." त्यांनी घडी उघडता उघडता सगळ्यांकडे पाहिलं. "हा कोट इतकी वर्षं पाखरांत राहतोय. पास दाखवल्याशिवाय मी कुणाला सोडत नसे, मीही पास दाखवतो. पुढे सरका, सगळ्यांना दिसू दे."

त्यांनी कोटाचे पुढचे दोन्ही पदर फाकवून तो दोन्ही हातांनी डोक्यावर धरला. सकाळचं ऊन भोकातून आरपार आलं आणि नेमकं त्यांच्या कपाळावर पडलं.

आधी एक लहान मूल हसलं. मग सगळेच हसले. कंडक्टरांना कळेना काय झालं. तेही हसले. मग वकीलीणबाईंनी बोटाने दाखवलं, "ते बघा की वर," तेव्हा त्यांनी कोट खाली घेतला, भोक पाहिलं, आणि त्यात करंगळी घातली.

"हे नव्हतं," ते म्हणाले. त्यांनी गर्दीत इस्त्रीवाल्याला शोधलं. "तू काल इस्त्री केलीस ना? तू बघितलंस. सांग ना यांना."

इस्त्रीवाल्याने कोट पाहिला होता. मागूनपुढून, उलटासुलटा. भोक नव्हतं हे त्याला स्वतःच्या हाताइतकं ठाऊक होतं. त्याने कोटाकडे पाहिलं, मग वहिनींकडे पाहिलं. वहिनींनी नजर वळवली नाही. मग त्याने भोवतालच्या माणसांकडे पाहिलं. कातरी वाफेला भिते, असं ठरल्यापासून यातलं प्रत्येक घर त्याच्याकडे दुप्पट कपडे देत होतं.

"मी इस्त्री करतो, कंडक्टर," तो म्हणाला. "भोकं मोजत नाही."

पुन्हा हशा झाला. कंडक्टर वहिनींकडे वळले. बटण लावताना त्यांनी तरी पाहिलं असेलच.

"वहिनी?"

"काल संध्याकाळी खिडकी उघडी राहिली हो, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "कोट टेबलावर होता."

दुसरं कुणी हे म्हणालं असतं तर ते भांडले असते. वहिनींचं बोलणं त्यांनी जसंच्या तसं घेतलं. हसणं त्यांच्या तोंडावरून गेलं आणि तिथे दुसरं काहीतरी आलं. ते हळूहळू सगळ्यांकडे वळले आणि हात जोडून म्हणाले, "मला माहीत नव्हतं. कुणाकुणाचे कपडे खराब झाले असतील. माफ करा."

कबुतरं घालवायला सोपी नसतात. कंडक्टरांनी ती टोपल्यांत भरली, आपल्या जुन्या बसने शेवटच्या थांब्याच्याही पुढे नेली आणि माळावर सोडून दिली. ते परतले तेव्हा सगळी गच्चीच्या कठड्यावर ओळीने बसली होती. मुलांनी टाळ्या वाजवल्या. "काका, तुमचे प्रवासी विनातिकीट परत आले!" दुसऱ्या खेपेलाही तेच झालं. मग वकीलीणबाईंनी कोंबडीवाल्याला बोलावलं.

कोंबडीवाला पिंजरा घेऊन गच्चीवर गेला. पण एकही पाखरू त्याच्या हाती लागेना. तो धावला की ती उडत, थांबला की बसत. शेवटी तो दमून म्हणाला, "काका, तुम्हीच बोलवा ना. मला दुसरी गिऱ्हाइकं आहेत."

वहिनी खाली एका शालीचा ताणा भरत होत्या. वरून शीळ आली, दोन लांब, एक आखूड. पंखांचा आवाज झाला. थोड्या वेळाने पुन्हा शीळ. पुन्हा पंख. दुपारभर ते चाललं. एकदा शीळ मध्येच तुटली, मग पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. इस्त्रीवाला बाहेर कपड्यांवर पाणी शिंपडत होता.

"गुणाची हो तुमची कातरी, वहिनी," तो हळूच म्हणाला. "सांगाल तिथे खाते."

वहिनींनी पाठ वळवली नाही. दुसऱ्या दिवसापासून इस्त्रीवाल्याची गाठोडी त्यांच्या खोलीत, त्यांच्या टेबलाखाली ठेवली जाऊ लागली. त्याने विचारलं नाही, त्यांनी नको म्हटलं नाही.

पाखरं गेली, तरी लोकांच्या जुन्या कोटांत भोकं सापडतच राहिली. तेव्हा वकीलीणबाईंना उलगडा झाला. अंडी माणसावर राहिली असणार. एवढी वर्षं तो माणूस पिसांत झोपला. हे कंडक्टरांच्या कानावर गेलं आणि त्यांना ते पटलं. त्यांनी डोकं भादरून घेतलं, गादी जाळली, अंग दगडाने घासून सोलून काढलं. बसायला कुणाकडे गेले नाहीत. जिन्यातून उतरायचंच झालं तर भिंतीला चिकटून, हात अंगाशी धरून उतरत, आणि मुलं दिसली की स्वतःच थांबून त्यांना पुढे जाऊ देत. वहिनींच्या खोलीच्या उंबऱ्याला तर त्यांनी पाय लावायचं सोडलं.

खाकी कोट वहिनींनी रफू केला. तो घेऊन त्या एका दुपारी गच्चीवर गेल्या. खणांच्या फळ्या मोडून एका बाजूला रचल्या होत्या. कंडक्टर टाकीपाशी चादर धूत होते. बोटांची सालं निघाली होती.

"तिथेच ठेवा, वहिनी. पायरीवर. वर येऊ नका."

"भाऊजी, पुरे करा आता. कातरी-बितरी काही नसतं."

चादर पिळता पिळता ते थांबले. मग बऱ्याच दिवसांनी हसले.

"तुम्ही पण ना, वहिनी! माझ्या जिवाला बरं वाटावं म्हणून बोलताय. भोक मी या डोळ्यांनी बघितलंय. माझ्याच कोटाला होतं." चादरीचं पाणी पायावर गळत होतं. "इतकी वर्षं त्यांना खांद्यावर घेऊन फिरलो, आणि तिळाएवढा किडा मला दिसला नाही. पण तुम्ही खरंच वर येऊ नका. तुमचं दुकान कपड्यांचं. माझ्यामुळे तुम्हाला काही झालं तर मी दादाला काय तोंड दाखवू?"

आता एकच वाक्य बोलायचं बाकी होतं. ते तीन शब्दांचं होतं. वहिनी पायरीवर उभ्या राहिल्या. खालून वकीलीणबाईंचा आवाज येत होता, कुणालातरी रफूवालीकडे पाठवत होत्या.

"रफू चांगलं झालंय," वहिनी म्हणाल्या. "उजेडात धरून बघा."

कंडक्टरांनी हात पुसले, कोट उचलला, उन्हात धरला आणि डावीकडून उजवीकडून न्याहाळला.

"कुठे होतं तेसुद्धा कळत नाही," ते म्हणाले. "तुमच्या हाताला तोड नाही, वहिनी."

वहिनी खाली आल्या आणि टेबलाशी बसल्या.

त्याला आता बरीच वर्षं झाली. वहिनींचं दुकान चालू आहे, कामाला दोन मुली ठेवल्या आहेत, काळ्यावरचा काळा धागा आता डोळ्यांना दिसत नाही, म्हणून काळं कापड त्या मुलींकडे देतात. कंडक्टर गच्चीवरच असतात, खाली उतरत नाहीत. वहिनी दोन्ही वेळा त्यांचं ताट घेऊन जिना चढतात. गुडघे गेले आहेत, म्हणून मधल्या मजल्यावर कठड्याला धरून थोडा वेळ उभ्या राहतात, मग उरलेल्या पायऱ्या चढून ताट शेवटच्या पायरीवर ठेवतात आणि आधीच्या वेळचं रिकामं ताट घेऊन येतात.